दोरवाली आणि सुरुंगवाला

मी लिहायला लागले ते एका पडलेल्या सिनेमामुळे. तो आमच्या गावात दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी तंबूवाल्यानं तो काढून मारामारीचा दुसरा लावला. त्यानंतर आजपर्यंत तो सिनेमा पाहिलेली दोनच माणसं मला भेटली. एक माझी मैत्रीण, जी तेव्हा माझ्या शेजारीच बसली होती. दुसरी कारंज्याची एक वहिनी, जिच्याशी त्या सिनेमावरून माझं वर्षभर भांडण चाललं.

बहात्तर सालचा हिवाळा होता. गाव कामरगाव. वाशीम जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही स्वतःला अकोला जिल्ह्यातले म्हणायचो. मी दहावीत होते, आणि मॅट्रिक अकरावीला असायची. बाबा कारंज्याच्या एका जिनिंगमध्ये हमाली करायचे, रविवारी घरी यायचे. आम्ही बौद्ध. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी आई आणि बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, आणि परतीच्या वाटेवरच आईनं ठरवून टाकलं होतं की होईल ते मूल शाळेत जाईल, मुलगा असो की मुलगी. ते मूल मी.

मैत्रीण माळ्याची. गावाला लागून त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, कांदे लावायचे आणि आठवड्यातून दोनदा एस.टी.नं कारंज्याच्या बाजारात न्यायचे. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. शाळा सुटली तरी आमची गाठ सुटली नाही. मी शाळेतून येताना मळ्यावरून यायची आणि ती निंदता निंदता मला त्या दिवशीचा धडा विचारायची.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. लोकांच्या डोक्यात सिनेमा नव्हताच, त्यामुळे तंबू अर्धा रिकामा. आम्ही बायकांच्या बाजूला, दोराच्या अलीकडे, गोणपाटावर बसलो. सिनेमा हिंदी, काळापांढरा. जमीनदाराचा मुलगा शहरातून शिकून येतो, गावातल्या मास्तरच्या मुलीवर त्याचं मन बसतं, बाप आडवा येतो. सारं नेहमीचंच. पण त्यात विहीर खोदणारी दोन माणसं होती. एक पुरुष, एक बाई. तीन तासांत ती चारदाच दिसली.

पहिल्यांदा खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन ती गावात येतात. दुसऱ्यांदा तो विहिरीच्या तळाशी सुरुंगाची वात पेटवतो आणि दोराला दोन झटके देतो, आणि वर ती बाई एकटी रहाट फिरवून त्याला बाहेर काढते. मागून स्फोट होतो. ती त्याच्याकडे वळते, त्याचे दोन्ही हात एकदा पाहते, आणि घमेलं उचलते. तिसऱ्यांदा ती दोघं भाकरी खात बसलेली असतात. हिरो येऊन त्याला विचारतो, ही तुझी कोण लागते? तो माणूस घास चावतो, गिळतो आणि म्हणतो, ‘‘रस्सी इसके हाथ में रहती है।’’ बस, एवढंच. चौथ्यांदा विहिरीला पाणी लागतं. गाव नाचतं, हिरो-हिरोईन एकमेकांवर पाणी उडवतात. ती दोघं आपला दोर गुंडाळून पडद्याच्या कडेनं निघून जातात. त्यांना पाणी घ्या असं कोणीही म्हणत नाही.

तंबूतून बाहेर पडल्यावर मैत्रीण परकराला चिकटलेले गोणपाटाचे धागे काढत चालली होती. मग म्हणाली, ‘‘ते दोघं कुठं गेले असतीन वं?’’

‘‘दुसऱ्या गावाले. दुसरी इहीर खंदायले.’’

‘‘मंग तिथं काय झालं?’’

‘‘मले काय माईत. सिनेमा संपला ना.’’

‘‘त्याइचा कुठं संपला?’’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून मी सरळ मळ्यावर गेले. माझ्याजवळ शंभर पानी वही होती, इतिहासासाठी घेतलेली. आमच्या घरात वहीच्या पहिल्या पानावर ‘नमो बुद्धाय’ लिहिल्याशिवाय पुढं काही लिहायचं नाही असा नेम होता. ते मी आधीच लिहून ठेवलं होतं. त्याखाली लिहायला सुरुवात केली: ती दोघं दुसऱ्या गावी पोचली तेव्हा ऊन कलतं होतं.

नावं त्यांना सिनेमानं दिली नव्हती, आम्हीही दिली नाहीत. ती दोरवाली आणि तो सुरुंगवाला. लिहायची मी, पण विहिरीचं ज्ञान सगळं मैत्रिणीचं. ती विहिरीच्या काठावरच वाढलेली. मी लिहिलं की दोरवालीनं एका हातानं दोर धरला, तर ती म्हणायची, ‘‘खोड ते. एका हातानं मानूस तोलत नाही. पाय आडवा लावा लागते दगडाले.’’ दोर भिजला की जड होतो, दोराची गाठ रोज बघावी लागते, सुरुंगाचा धूर बसेपर्यंत खाली उतरायचं नाही, हे सारं तिनं सांगितलं. सिनेमावाल्यानं रहाट चुकीच्या बाजूला बसवला होता, हेही तिनंच पकडलं. पहिल्या महिन्यात मी लिहिल्यापेक्षा खोडलं जास्त.

लिहिता लिहिता मला काय आवडतं ते कळत गेलं. मारामारी मला नको होती. गाणी नको होती. कोणी कोणावर रुसावं, मग तिसऱ्यानं येऊन समजूत घालावी, तेही नको होतं. मला आवडायचं ते एवढंच, की एकाला दुसऱ्याचं न सांगता कळतं. तो खाली आहे, दिसत नाही, पण दोराच्या ताणावरून तिला कळतं की आज त्याचा दम लागून राहिला आहे. तिनं वरून टोपली सोडली की टोपली कशी खाली येते त्यावरून त्याला कळतं की तिच्या खांद्यात चमक भरली आहे. असं काही मी त्याआधी कुठं वाचलं नव्हतं. पुस्तकात आणि पडद्यावर बाई आणि पुरुष शेजारी उभे राहिले की एक तर लग्न व्हायचं किंवा बदनामी. ही दोघं काम करत होती, आणि त्या कामातच त्यांचं सगळं होतं. मी ठरवून टाकलं की यांचं लग्न लावायचं नाही. ती एकमेकांची कोण, हेही सांगायचं नाही.

उन्हाळा लागायच्या आत दुष्काळी कामं निघाली. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागली. सुटीच्या दिवशी मीही जायची. दुपारी बायका झाडाखाली भाकरी सोडायच्या, तेव्हा आई एकदा म्हणाली, ‘‘काय लिवून राह्यली एवढी? वाच बरं.’’ आईला अक्षर येत नव्हतं. मला वाटलं, तिला खोटं सांगता येणार नाही. मी वाचून दाखवलं.

माझा आवाज लहान होता. दोन बायका सरकून जवळ आल्या, मग चार. भाकरीची सुटी संपली तेव्हा मुकादम ओरडत होता आणि एक म्हातारी त्याला म्हणत होती, ‘‘थांब ना बापा, तो मानूस अजून खालीच हाये.’’

त्या दिवसापासून रोज ‘दोरवालीचं काय झालं’ हा प्रश्न घरी यायला लागला. शाळा असली की आई माझ्याकडून आदल्या संध्याकाळी भाग ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर तोंडानं सांगायची. तिच्या सांगण्यात तो बदलायचाही. माझ्या दोरवालीला आईनं परस्पर एक शेळी दिली होती, हे मला फार उशिरा कळलं.

बायकांच्या मागण्या सुरू झाल्या. कोणाला दोघांचं भांडण पाहिजे होतं. मी लिहिलं: दोन दिवस ती एकमेकांशी बोलत नाहीत, पण दोराचे झटके तेवढेच नेमके येतात आणि रहाट तेवढाच वेळेवर फिरतो. कोणाला त्यांची ताटातूट पाहिजे होती. मी सुरुंगवाल्याला एका ठेकेदाराकडे पाठवला, तिथं दोरावर परका माणूस दिला, आणि वात पेटवण्याआधी त्यानं पहिल्यांदाच मान वर करून दोराकडे पाहिलं असं लिहिलं. त्या दिवशी खडीवर बायकांनी त्या परक्या माणसाला शिव्या घातल्या म्हणे. पण सगळ्यात जास्त गाजला तो दोरवालीच्या तापाचा भाग. ती हिवतापानं पडते, आणि सुरुंगवाला चुलीपुढं बसून तिच्यासाठी भाकरी थापतो. पहिली करपते, दुसरी तुटते, तिसरी जमते. हा भाग बायकांनी माझ्याकडून तीन वेळा वाचवून घेतला. एका बाईनं विचारलं, ‘‘तिसरी खरंच जमली त्याले?’’ मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘‘आमच्याकडं तर पयलीच कोनं थापली नाही.’’ सगळ्या हसल्या. तीही हसली.

म्हातारीचं मात्र एकच टुमणं होतं. ‘‘लगन लावून दे पोरी त्याइचं. असं उघड्यावर कुठवर ठेवतं?’’

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, ‘‘राहू दे ना माय तशीच. लगन झालेल्या आपुन सगळ्या इथं हावोतच.’’

मी सोळा वर्षांची होते. आई माझ्या बाजूनं बोलली, आणि तेही माझ्या गोष्टीवर. त्या रात्री मला वाटत होतं की मी मॅट्रिक पास झाले.

उन्हाळ्यात मैत्रिणीच्या मळ्यातली विहीर आटली. तिच्या वडिलांनी ती आणखी खोल करायचं ठरवलं. बाहेरगावचे खोदणारे आले: दोघे भाऊ आणि थोरल्याची बायको. दोर बायकोच्या हातात. आम्ही दोघी पंधरा दिवस तिच्यामागं. गाठ कशी मारता, झटका कसा ओळखता, भीती वाटते का. ती म्हणाली, भीती वर असणाऱ्याला वाटते, खालच्याला कामच दिसते. ते मी तसंच लिहून घेतलं.

इथं एक सांगायला पाहिजे. त्या विहिरीवर मी कधी चढले नव्हते. गावात आमची विहीर वेगळी होती आणि दुष्काळात ती सगळ्यांत आधी कोरडी पडली. मग आम्ही घागरी घेऊन मळ्यावर जायचो. मैत्रीण किंवा तिची आई पाणी काढायची आणि वरून आमच्या घागरीत ओतायची. आम्ही खाली उभं राहायचो. मैत्रीण आणि मी एकत्र सिनेमा पाहिला, एका वहीवर डोकी घातली, पण विहिरीच्या ओट्याला माझा पाय लागला नव्हता. यावर आम्ही कधी बोललो नव्हतो. दोघींनाही ते इतकं माहीत होतं की बोलायचं सुचलं नसेल.

त्याच दिवसांत मी पाण्याचा भाग लिहिला. सुरुंगवाल्याला झरा लागतो. वर गावकरी नारळ घेऊन उभे असतात. दोरवाली पहिली बादली वर ओढते आणि कोणाच्या हातात देत नाही. ती आधी स्वतः पिते, मग बादली तशीच खाली सोडते त्याच्यासाठी, आणि त्याचं पिऊन झाल्यावर गावाला देते. गावातला एक जण विचारतो, हे काय? ती म्हणते, ज्यानं काढलं त्याचं तोंड आधी.

मी हा भाग मैत्रिणीला कांद्याच्या वाफ्यात बसून वाचून दाखवला. वाफ्याच्या पलीकडे तिचे वडील खुरपत होते. ते फार कमी बोलणारे गृहस्थ, आमच्या वहीकडे त्यांचं कधी लक्ष दिसलं नव्हतं. वाचून झालं तेव्हा मैत्रिणीनं वही स्वतःकडे ओढून ते पान पाहिलं. पहिल्यांदाच तिनं काही खोडायला सांगितलं नाही.

आठ दिवसांनी खरंच पाणी लागलं. मी सकाळच्या शाळेतून आले तर मळ्यावर दहा-पंधरा माणसं जमली होती. नारळ फुटला होता. थोरल्या भावाची बायको रहाट फिरवत होती, पहिली बादली वर आली, गढूळ, लालसर. मैत्रिणीच्या वडिलांनी तांब्या भरला. माणसं वाट पाहत होती की ते देवाला वाहतील. त्यांनी देवाला थेंब वाहिले आणि तांब्या त्या बाईपुढे धरला.

‘‘पयले तुमी प्या. मंग तुमच्या मानसाले द्या.’’

ती प्याली. मग त्यांनी मान वळवून मला शोधलं. मी नेहमीच्या जागी, ओट्यापासून दूर उभी होते.

‘‘तुह्या वहीत असंच हाये ना?’’ त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

‘‘मंग तिथं काहून उभी हायेस? ये वर.’’

मी गेले. चार दगडी पायऱ्या होत्या. मैत्रिणीनं माझा हात धरला नाही, बाजूला सरकून जागा केली, आणि ते मला जास्त आवडलं. मी वाकून आत पाहिलं. तळाशी पाणी हलत होतं आणि धाकटा भाऊ गुडघाभर पाण्यात उभा राहून वर पाहत होता.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, चूल पेटवली, स्वयंपाक केला. दुसऱ्या दिवशी खडीवरून परत येताना तिनं वाट बदलली, मळ्यावर गेली, ओट्यावर चढली आणि स्वतःच्या हातानं दोर सोडला. मैत्रिणीची आई तिथंच भाजी निवडत होती. तिनं फक्त विचारलं, ‘‘घागर आनली का बाई?’’

वहीमुळे विहीर खुली झाली असं मी कधी म्हटलेलं नाही. तो माणूस मुळातच तसा होता, आणि दुष्काळानं सगळ्यांनाच थोडं हलवलं होतं. त्यांच्या भावकीतल्या दोघांनी वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते त्यांनी सोसलं, आम्हाला कधी ऐकवलं नाही. पण ‘तुह्या वहीत’ हे शब्द त्यांनी पंधरा माणसांपुढं उच्चारले होते. त्याचा अभिमान मी लपवत नाही, तेव्हाही लपवला नाही.

कारंज्याची वहिनी यानंतरची. मैत्रीण आईबरोबर भाजी घेऊन कारंज्याला जायची. धान्याच्या आडतीवाल्यांच्या एका घरात तिचं ठरलेलं गिऱ्हाईक होतं, आणि त्या घरातली धाकटी सून पायरीवर येऊन भाजी घ्यायची. अमरावतीकडची, मॅट्रिक झालेली, वाचायची आवड. एकदा मैत्रीण वांगी मोजताना बोलून गेली की आमच्याकडं एक गोष्ट चालू आहे, विहीर खोदणाऱ्यांची. वहिनीनं विचारलं, ‘‘कुठल्या विहीर खोदणाऱ्यांची? रस्सी इसके हाथ में रहती है, ते?’’

मैत्रिणीच्या हातातली तागडी तशीच राहिली. वहिनीनं तो सिनेमा लग्नाआधी माहेरी पाहिला होता.

वही मेथीच्या जुडीखाली ठेवून कारंज्याला गेली आणि आठ दिवसांनी परत आली. शेवटी वीस पानं नवी लिहिलेली होती, वळणदार, काळ्या शाईत. मी मळ्यात उभ्यानंच वाचली. वहिनीनं त्यांचं लग्न लावलं होतं. आंब्याखाली, पाच माणसांत, साधं. मी चिडून वही मिटली.

‘‘काय झालं?’’ मैत्रीण म्हणाली.

‘‘तिनं त्याइचं लगन लावलं. मह्या वहीत.’’

‘‘बरं लिवलं का?’’

हीच अडचण होती. फार चांगलं लिहिलं होतं. दोर कसा धरतात ते तिला माहीत नव्हतं, पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दोरवाली नेहमीसारखी त्याचे हात पाहते आणि पहिल्यांदाच पाहताना लाजते, असं एक वाक्य होतं. ते मला सुचलं नसतं.

मी समासात लिहिलं: ‘हे असं होणार नाही. लग्न झालं की तो हिच्या हातचा दोर काढून हिला चुलीशी बसवील.’ वही परत गेली. उत्तर आलं: ‘तुझा सुरुंगवाला भाकरी थापतो. तो असं का करील?’ मी लिहिलं: ‘तो करणार नाही, गाव करायला लावील.’ तिनं लिहिलं: ‘मग गाव सोडून जातील. त्यांना गावं काय कमी?’ असं चाललं. पहिली वही भरली, मग दुसरी. माझ्या वहीत ती दोघं कोण ते कोणाला माहीत नव्हतं, तिच्या वहीत ती नवराबायको होती, आणि दोन्ही वह्या एकाच टोपलीत, एकाच मेथीखाली ये-जा करत होत्या. मैत्रीण दोन्ही वाचायची. तिला विचारलं तुला कोणती पटते, तर म्हणायची, ‘‘मले तर इहीर बरोबर पायजे. बाकी तुमी दोघी पाहून घ्या.’’ आणि वहिनीच्या पानांवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवायची: इथं पाय आडवा लावा.

चौऱ्याहत्तरला मॅट्रिकची परीक्षा आली. आमचं केंद्र कारंजा. शेवटचा पेपर झाल्यावर मैत्रिणीनं मला वहिनीच्या दारात नेलं. मोठं घर, रस्त्याला लागून पायऱ्या. मी खालच्या पायरीशी थांबले. वहिनी बाहेर आली. मला वाटली त्याहून लहान होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. गोरी, डोक्यावर पदर, बोटाला शाई.

मी आधीच सांगून टाकलं. ‘‘वहिनी, मी बौद्ध आहे. तुम्हाला माहीत असलेलं बरं.’’

‘‘माहीत आहे,’’ ती म्हणाली. ‘‘पहिलं पान वाचल्याशिवाय मी दुसरं उलटत नाही.’’

तिनं आत बोलावलं नाही. आतून सासूबाई पाहत होत्या, ते आम्हा तिघींनाही दिसत होतं. पण ती स्वतः तीन पायऱ्या उतरली आणि आमच्या शेजारी, रस्त्याच्या बाजूला बसली. त्या घरची सून तशी बसत नसणार, कारण समोरच्या दुकानातला माणूस मोजमाप सोडून पाहायला लागला. तिनं पाहू दिलं.

मी वर्षभराचा प्रश्न विचारला. ‘‘तुम्ही त्यांचं लग्न काहून लावलं?’’

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

‘‘तुला वाटतं लग्न झालं की त्यांचं ते न सांगता कळणं संपतं. कदाचित खरं असेल. पण माझं लग्न झालं आहे. आता मला हेच पाहायचं आहे की ते लग्नातही असू शकतं का. सिनेमात कोणी दाखवत नाही. मग मी लिहून पाहते.’’

समासात मी इतकी भांडले होते, पण हे मला सुचलंच नव्हतं की ती स्वतःसाठी लिहीत असेल. मी म्हटलं, ‘‘तुमचं ते लाजायचं वाक्य फार चांगलं आहे.’’

‘‘आणि तुझी ती बादली,’’ ती म्हणाली. ‘‘मी ती आमच्याकडे वाचून दाखवली. जेवताना.’’

‘‘मग?’’

‘‘कोणी काही बोललं नाही. पण ताटावरून उठलंही नाही कोणी.’’

आम्ही तासभर बसलो. मी लग्न मान्य केलं नाही, तिनं ते मागं घेतलं नाही. पण त्या दिवसानंतर आमच्यातलं भांडण गेलं. एकदा तिच्या भागात दोघांना मूल झालं आणि दोर धरताना ते कुठं ठेवायचं हा प्रश्न पडला, तेव्हा तिनं मला विचारलं. मी आईला विचारलं. आई म्हणाली, पाठीशी बांधावं आणि गाठ पुढं घ्यावी. वहिनीनं तसंच लिहिलं. माझी आई, जिला स्वतःची सही येत नव्हती, तिचा शब्द आडत्याच्या घरातल्या काळ्या शाईत उतरला.

मी पास झाले. आमच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. पुढं मास्तरकीचं शिक्षण घेतलं आणि सत्त्याहत्तरला मानोऱ्याकडच्या एका गावात शिक्षिका म्हणून लागले. पोहरादेवीच्या यात्रेला गाड्या भरून जायच्या त्या रस्त्यावरच शाळा होती. मैत्रिणीचं लग्न त्याच सुमारास झालं, सासरीही मळाच मिळाला. तिनं तिथल्या विहिरीचा रहाट दुसऱ्या बाजूला बसवून घेतला, आणि सासऱ्यांनी आधी नाही म्हटलं आणि मग मान्य केलं, असं तिनंच सांगितलं. सांगताना तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

त्या वर्षांत आम्ही तिघींनी मिळून सात वह्या भरल्या. छापायचं कधी कोणाच्या डोक्यात आलं नाही. ज्यांना पाहिजे होत्या त्यांच्यापर्यंत त्या पोचल्या होत्या. कामरगावच्या एस.टी. थांब्यावर एकदा दोन अनोळखी बायका भांडत होत्या, की दोरवालीची शेळी होती की नव्हती. आई शेजारी उभी होती, ती गालात हसत होती.

नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवाळीत मला कारंज्याहून टपालानं एक पाकीट आलं. वहिनीचं अक्षर. तिनं लिहिलं होतं की सातवी वही तिच्या उशाशी होती, आणि एक दिवस ती तिथं नव्हती. शोधली तर नवऱ्याच्या हातात सापडली, दुकानाच्या गादीवर, हिशेबाच्या चोपड्यांमध्ये बसून तो वाचत होता. त्यानं ती एकदम मिटली नाही. म्हणाला, हा सुरुंगवाला एकट्यानं पोतं उचलतो असं लिहिलं आहे ते चुकलं आहे, एवढ्या वजनाचं पोतं एकटा माणूस तसं उचलत नाही, दोघं लागतात. मग त्यानं उठून, दुकानातलं पोतं धरून, कसं उचलतात ते तिला दाखवलं. दुसरी बाजू तिला धरायला लावली.

‘पोतं जड होतं,’ असं तिनं खाली लिहिलं होतं, ‘पण उचललं आम्ही.’